जेन ॲडम्स : युद्धविरोध आणि दोन दशकांचा जनरोष

न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ९ जुलै १९१५ रोजी जेन ॲडम्स व्यासपीठावर आल्या, तेव्हा अमेरिकेतील सर्वांत आदरणीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जात असे. युरोपात महायुद्ध सुरू होऊन अकरा महिने झाले होते. अमेरिका अद्याप तटस्थ होती आणि युद्धरत राष्ट्रांच्या राजधान्यांत जाऊन मंत्र्यांच्या भेटी घेतल्यानंतर ॲडम्स काही दिवसांपूर्वीच मायदेशी परतल्या होत्या. जे पाहिले आणि ऐकले, ते त्यांनी सांगितले. श्रोत्यांनी ते आदराने ऐकून घेतले. मात्र भाषणाच्या शेवटाकडे संगिनींच्या हल्ल्यांविषयी त्या जे थोडे बोलल्या, त्याने पंचवीस वर्षांच्या कार्यातून मिळविलेली लोकप्रीती आठवडाभरात डळमळली. त्या रोषाचे पडसाद १९३५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत कोठे ना कोठे उमटत राहिले.

त्या वर्षी अमेरिकेत युद्ध नको असलेल्यांची संख्या थोडी नव्हती. देशाने युद्धात पडू नये असेच बहुसंख्य नागरिकांना वाटत होते. असे असता राग नेमका ॲडम्स यांच्यावर का निघाला आणि तो इतका दीर्घकाळ का टिकला, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या पूर्वायुष्याकडे वळावे लागते.

हल हाऊसच्या संस्थापिका

जेन ॲडम्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्याच्या उत्तर भागातील सीडरव्हिल या खेड्यात झाला. वडील जॉन ॲडम्स हे गिरणीमालक आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा स्नेह होता आणि आडनावातील दोन ‘ड’वरून लिंकन त्यांची पत्रांतून थट्टा करीत असत. जेन दोन वर्षांच्या असताना आई वारली. त्यानंतर लवकरच पाठीच्या कण्याला क्षयाची बाधा झाली आणि पाठीत कायमचा बाक राहिला. आपल्यासारखी वेडीविद्री मुलगी एवढ्या रुबाबदार गृहस्थांची कन्या आहे हे परक्या माणसांना कळू नये, म्हणून लहानपणी त्या चर्चमधून परतताना वडिलांच्या शेजारून चालणे टाळीत. पुढे आत्मचरित्रात त्यांनीच हे लिहून ठेवले आहे.

रॉकफर्ड येथील महिला विद्यालयातून १८८१ मध्ये त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्याच उन्हाळ्यात वडिलांचे निधन झाले. वैद्यकीचे शिक्षण सुरू केले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. त्यानंतरची सात-आठ वर्षे चाचपडण्यात गेली. सुखवस्तू घरातील, शिकलेल्या आणि करण्याजोगे काही नसलेल्या तरुणीची ही घुसमट त्यांनी नंतर विस्ताराने वर्णिली आहे. लंडनमधील टॉयन्बी हॉल ही संस्था त्यांनी १८८८ मध्ये पाहिली. विद्यापीठातील तरुण तेथे गरीब वस्तीत राहावयास येत आणि शेजाऱ्यांच्या नात्याने काम करीत. तीच कल्पना घेऊन १८ सप्टेंबर १८८९ रोजी मैत्रीण एलेन गेट्स स्टार यांच्यासह त्या शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात राहावयास गेल्या. चार्ल्स हल या व्यापाऱ्याने बांधलेला हा वाडा हल हाऊस या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला.

सभोवती इटालियन, ग्रीक, जर्मन, आयरिश, बोहेमियन आणि रशिया-पोलंडमधून आलेल्या ज्यू कामगारांची दाट वस्ती होती. बालवाडी, रात्रशाळा, वाचनालय, व्यायामशाळा, सार्वजनिक स्वयंपाकघर, कामगार संघटनांच्या सभांसाठी जागा अशी कामे एकामागून एक वाढत गेली आणि मूळ वाड्याभोवती तेरा इमारतींचा परिसर उभा राहिला. फ्लॉरेन्स केली, ज्युलिया लॅथ्रॉप, डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या कर्तबगार स्त्रिया तेथे राहिल्या. कारखान्यांतील बालमजुरीला आळा घालणारा इलिनॉय राज्याचा १८९३ चा कायदा आणि शिकागोतील १८९९ चे बालन्यायालय यांमागे या मंडळींचे परिश्रम होते.

ॲडम्स यांना मिळालेले पहिले सवेतन सरकारी पद आपल्याकडील वाचकांना विशेष वाटेल. शहरातील एकोणिसाव्या प्रभागातील कचरा उचलला जात नाही, या तक्रारींना दाद मिळेना, तेव्हा त्यांनी त्या कामाच्या कंत्राटासाठीच अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला, परंतु १८९५ मध्ये महापौरांनी त्यांना त्या प्रभागाच्या कचरा निरीक्षक म्हणून नेमले. पहाटे उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे फिरू लागल्या. एका अरुंद गल्लीत घाणीचे थर उपसले, तेव्हा सुमारे दीड फूट खाली फरसबंदी रस्ता सापडला. तो रस्ता तेथे आहे हे रहिवाशांना ठाऊकच नव्हते.

दुसऱ्याच वर्षी, १८९६ मध्ये, त्या टॉलस्टॉय यांना भेटण्यासाठी यास्नाया पोल्याना येथे गेल्या. टॉलस्टॉय यांनी त्यांच्या झग्याची फुगीर बाही हाती धरून, एवढ्या कापडात एखाद्या लहान मुलीचा अंगरखा होईल असे सुनावले आणि स्वतःच्या शेतावर न राहता त्याचे उत्पन्न कसे घेता, असेही विचारले. खजील होऊन त्यांनी रोज सकाळी दोन तास हल हाऊसच्या भटारखान्यात पाव भाजण्याचा संकल्प केला. शिकागोला परतल्यावर दारात ताटकळत असलेली माणसे आणि साचलेली पत्रे पाहून तो संकल्प त्यांनी सोडून दिला. तत्त्वापेक्षा समोरच्या माणसाची निकड मोठी मानण्याचा हा स्वभाव पुढे युद्धकाळातही दिसून आला.

आत्मचरित्र १९१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते घराघरांत पोहोचले. येल विद्यापीठाने त्याच वर्षी त्यांना सन्माननीय पदवी दिली, असा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१२ मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला, तेव्हा शिकागोच्या अधिवेशनात त्यांच्या उमेदवारीला अनुमोदन देण्याचा मान ॲडम्स यांच्याकडे आला आणि सभागृहात प्रचंड जयघोष झाला. गरिबांची माउली, सेवेची मूर्ती ही त्यांची प्रतिमा तोपर्यंत दृढ झाली होती. प्रत्यक्षात त्या राजकारण जाणणाऱ्या, संप आणि कायदे यांत उतरणाऱ्या खंबीर कार्यकर्त्या होत्या. पण जनतेने पूजा केली ती मूर्तीची. मूर्तीने बोलू नये अशी भक्तांची अपेक्षा असते आणि पुढच्या रागाचे एक मूळ तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

द हेगची परिषद

महायुद्धाला ऑगस्ट १९१४ मध्ये तोंड फुटले. वॉशिंग्टन येथे जानेवारी १९१५ मध्ये स्त्रियांचा शांतता पक्ष स्थापन झाला आणि ॲडम्स त्याच्या अध्यक्षा झाल्या. हॉलंडमधील डॉक्टर व स्त्री मताधिकाराच्या पुरस्कर्त्या अलेटा जेकब्स यांनी एप्रिलअखेर द हेग येथे स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद बोलाविली होती. अमेरिकी प्रतिनिधींना घेऊन निघालेले ‘नूरडाम’ हे जहाज ब्रिटिश अधिकाऱ्यांनी डोव्हरजवळ काही दिवस अडवून ठेवले. ब्रिटनमधील बहुतेक प्रतिनिधींना तर समुद्रमार्ग बंद झाल्यामुळे येताच आले नाही. तरीही बारा देशांतील अकराशेहून अधिक स्त्रिया जमल्या. परस्परांशी लढणाऱ्या राष्ट्रांच्या स्त्रिया एका व्यासपीठावर बसल्या आणि अध्यक्षस्थानी ॲडम्स होत्या. तटस्थ राष्ट्रांनी एकत्र येऊन अखंड मध्यस्थी करावी, शस्त्रसंधीची वाट पाहत बसू नये, ही परिषदेची मुख्य मागणी होती. रूझवेल्ट यांनी परिषद भरण्यापूर्वीच या स्त्रियांच्या कार्यक्रमाची मूर्खपणाचा व हीन म्हणून जाहीर निर्भर्त्सना केली. अवघ्या तीन वर्षांपूर्वी ॲडम्स यांच्या अनुमोदनाने ते उमेदवार झाले होते.

परिषद १ मे रोजी संपली. त्यानंतर सहाच दिवसांनी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज बुडविले. मृतांची संख्या अकराशेहून अधिक होती आणि त्यांत १२८ अमेरिकी नागरिक होते. अमेरिकेतील हवा एका रात्रीत पालटली. ॲडम्स मात्र त्या वेळी युरोपातच होत्या. लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बर्न, रोम, पॅरिस असा प्रवास करीत त्या आणि डॉ. जेकब्स ठिकठिकाणच्या पंतप्रधानांना व परराष्ट्रमंत्र्यांना भेटल्या. रोममध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांचीही भेट झाली. बायकांनी असे दारोदार फिरणे आपल्याला खुळेपणाचे वाटत असेल, असे त्यांनी ऑस्ट्रियाचे पंतप्रधान काउंट श्ट्युर्क यांना म्हटले, तेव्हा त्या गृहस्थांनी टेबलावर हात आपटून, गेल्या दहा महिन्यांत या खोलीत ऐकलेले हेच पहिले शहाणपणाचे बोलणे आहे असा निर्वाळा दिला. पुढच्याच वर्षी युद्धकाळातील दडपशाहीच्या निषेधार्थ एका समाजवादी पुढाऱ्याने श्ट्युर्क यांची गोळ्या घालून हत्या केली.

अध्यक्ष विल्सन यांनी ॲडम्स यांचे म्हणणे सौजन्याने ऐकले. पुढच्या भेटीत त्यांनी परिषदेच्या ठरावांची प्रत बाहेर काढली, तेव्हा ती वारंवार हाताळलेली दिसत होती, अशी नोंद ॲडम्स यांनी केली आहे. मध्यस्थीसाठी मात्र विल्सन यांनी त्या वेळी पाऊल उचलले नाही.

संगिनी आणि उत्तेजक पेये

आता कार्नेगी हॉलमधील त्या भाषणाकडे वळू. तरुणांना हे युद्ध म्हाताऱ्यांचे वाटते, खंदकात उभ्या असलेल्या अनेक मुलांना समोरच्याला ठार मारणे जड जाते, हे भाषणाचे एक मुख्य सूत्र होते. इस्पितळांतील परिचारिका, जखमी सैनिक, घरी परतलेले तरुण यांच्याशी झालेल्या बोलण्याचा आधार त्यास होता. त्याच ओघात त्यांनी सांगितले की, संगिनींचा हल्ला करण्यापूर्वी सैनिकांना काहीतरी उत्तेजक पाजावे लागते असे अनेक देशांत आपल्या कानांवर आले. जर्मनांकडे त्याचे ठरलेले मिश्रण असते, इंग्रज रम देतात आणि फ्रेंच ॲबसिंथ हे कडक मद्य देतात.

सांगण्याचा हेतू उघड होता. माणूस स्वभावतः दुसऱ्याच्या पोटात संगीन खुपसण्यास तयार होत नाही, हे त्यांना दाखवावयाचे होते. सैनिकांच्या कोवळ्या मनाची ती एक प्रकारे कैफियत होती. वाचकांपर्यंत पोहोचला तो अर्थ अगदी उलटा. युद्धवार्ताहर व कादंबरीकार म्हणून विख्यात असलेले रिचर्ड हार्डिंग डेव्हिस यांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ला पत्र लिहिले. देशासाठी मेलेल्या सैनिकाकडून त्याच्या शौर्याचे श्रेयही या बाई हिरावून घेत आहेत आणि त्याचे वडील पराक्रमाने नव्हे तर दारूच्या अंमलाखाली मेले असे त्याच्या पोरक्या मुलांना सांगत आहेत, असा त्या पत्राचा आशय होता. डेव्हिस लोकप्रिय होते आणि १९१४ मध्ये ब्रुसेल्समध्ये शिरणारे जर्मन सैन्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पत्राचा परिणाम झाला. देशभरातील वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले, व्यंगचित्रे निघाली, निनावी पत्रांचा ओघ सुरू झाला. कोणी त्यांना भोळसट म्हटले, कोणी लग्न न झालेल्या बाईने रणांगणाविषयी बोलू नये असा शेरा मारला.

वस्तुस्थिती पाहू गेल्यास त्यांचे विधान निराधार नव्हते. ब्रिटिश खंदकांत रमचा शिधा वाटला जात असे आणि हल्ल्यापूर्वी तो दिला जात असे, हे लष्करी नोंदींत व सैनिकांच्या आठवणींत पुढे विपुल आले आहे. मात्र ॲडम्स यांनी ऐकीव गोष्ट सरसकट स्वरूपात मांडली होती. खुलासा करण्याचा त्यांनी प्रयत्न केला, परंतु एकदा मथळ्यात चढलेली गोष्ट खुलाशाने उतरत नाही. संपूर्ण भाषण त्याच महिन्यात ‘द सर्व्हे’ या नियतकालिकात छापून आले. त्यात संगिनींचा उल्लेख काही ओळींचाच आहे. उरलेले भाषण मुत्सद्दी, तटस्थ राष्ट्रे आणि मध्यस्थीचे उपाय यांविषयी आहे, आणि ते फारसे कोणी वाचले नाही.

युद्ध चुकीचे आहे असे म्हणणाऱ्याला लोक एक वेळ सहन करतात. सैनिकाच्या मरणाचा अर्थच बदलून टाकणाऱ्याला ते सहन करीत नाहीत, कारण तो अर्थ मागे राहिलेल्या आईवडिलांचा एकमेव आधार असतो. ॲडम्स यांच्यावर कोसळलेल्या रागात अज्ञान होते, राजकीय हेतू होते, तसा हा खरा व्याकूळ भागही होता, आणि तो नाकारून चालणार नाही.

डिसेंबर १९१५ मध्ये मोटार उत्पादक हेन्री फोर्ड यांनी ‘ऑस्कर दुसरा’ हे शांतता जहाज युरोपला नेले. वृत्तपत्रांना तो तमाशाच वाटला. आजारपणामुळे ॲडम्स जहाजावर नव्हत्या, तरी खिल्ली त्यांचीही झाली.

युद्धात उतरलेला देश

अमेरिकेने ६ एप्रिल १९१७ रोजी युद्ध पुकारले. तोपर्यंत शांततेच्या बाजूने असलेले बहुतेक स्नेही, समाजसेवक, प्राध्यापक आणि धर्मोपदेशक सरकारच्या मागे उभे राहिले. ॲडम्स यांनी भूमिका बदलली नाही. इव्हॅन्स्टन येथील चर्चमध्ये १० जून रोजी त्या देशभक्ती आणि युद्धकाळातील शांततावादी या विषयावर बोलल्या. शांततावादी हा देशाचा शत्रू नाही, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. भाषण संपताच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑरिन कार्टर उठले. ते अनेक वर्षांचे स्नेही होते. देशाच्या लढ्याच्या न्याय्यतेविषयी शंका निर्माण करणारे बोलणे आता होता कामा नये, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. सभेत अवघडलेली शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली आणि व्याख्यानांची निमंत्रणे आटली. पाच दिवसांनी हेरगिरीविषयक कायदा संमत झाला. त्या कायद्याखाली समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांना पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. ॲडम्स यांच्यावर खटला झाला नाही, परंतु त्यांच्यावर नजर ठेवली जात होती.

त्याच दिवसांत हल हाऊसमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचे नोंदणी केंद्र उघडण्यात आले. ॲडम्स यांनी ते थांबविले नाही. ओळखीतला एक स्थलांतरित नाव नोंदवून बाहेर पडला आणि त्याने कडवटपणे ऐकविले की, तुमच्या सांगण्यावरून मी नागरिकत्वाच्या वर्गाला बसलो, तो कागद हाती नसता तर आज मला सूट मिळाली असती. या प्रसंगाला त्यांनी आपल्या पुस्तकात जागा दिली आहे. वर्तमानपत्रांतील शिव्यांपेक्षा तो त्यांना अधिक लागला असावा.

युद्धकाळातील मनःस्थितीविषयी ‘पीस अँड ब्रेड इन टाइम ऑफ वॉर’ या १९२२ च्या पुस्तकात त्यांनी केलेले लेखन हा त्यांच्या साहित्याचा सर्वांत प्रांजळ भाग होय. सगळा देश एका बाजूला असताना आपणच तेवढे बरोबर, असे मानण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, या शंकेने त्यांना घेरले होते. कधी आत्मकरुणा, कधी आपण इतरांहून शुद्ध असल्याचा अहंकार, या दोन टोकांमध्ये मन हेलकावे खात असे. ज्या लोकांत आयुष्य घालविले त्यांच्यापासून तुटणे त्यांना विशेष असह्य होते, कारण लोकांबरोबर राहणे हेच त्यांच्या कार्याचे तत्त्व होते.

मार्ग सापडला तो अन्नाच्या कामात. हर्बर्ट हूव्हर यांच्या अन्न प्रशासनासाठी १९१८ मध्ये त्या राज्याराज्यांतून फिरल्या आणि उपाशी युरोपसाठी धान्य वाचवा असे स्त्रियांच्या मंडळांना सांगू लागल्या. काही कडव्या शांततावाद्यांना ही तडजोड वाटली, कारण ते प्रशासन युद्धयंत्रणेचाच भाग होते. पाव भाजण्याचा संकल्प सोडणाऱ्या बाईंना भुकेपुढे तत्त्वाचा काटेकोरपणा महत्त्वाचा वाटला नाही.

मोठी बहीण मेरी १८९४ मध्ये वारल्यापासून तिच्या मुलांची जबाबदारी ॲडम्स यांच्यावर होती. त्यांतील थोरला जॉन लिन हा धर्मोपदेशक म्हणून सैनिकांच्या सेवेसाठी फ्रान्सला गेला आणि १९१८ मध्ये अर्गॉनच्या लढाईत मारला गेला. १९१९ च्या वसंतात झुरिकच्या परिषदेस जाण्यापूर्वी ॲडम्स यांनी त्या उद्ध्वस्त प्रदेशातून फिरून त्याची कबर शोधून काढली. सैनिकांच्या मरणाची त्यांना किंमत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनीही याचे भांडवल केले नाही.

याद्या, तक्ते आणि बहिष्कार

झुरिक येथे मे १९१९ मध्ये स्त्रियांची शांतता व स्वातंत्र्य यांसाठीची आंतरराष्ट्रीय लीग आकारास आली आणि ॲडम्स तिच्या अध्यक्षा झाल्या. व्हर्साय येथील तहाच्या अटींतच पुढच्या युद्धाची बीजे आहेत, असा इशारा या स्त्रियांनी त्याच वेळी दिला. त्यानंतर डॉ. हॅमिल्टन यांच्यासमवेत त्या जर्मनीत गेल्या. नाकेबंदीमुळे खंगलेली मुले पाहून त्यांनी मायदेशी निधी जमविण्यास आरंभ केला. शत्रूच्या पोरांसाठी दूध मागणारी बाई, हा नवा दोषारोप त्यातून जन्मला.

युद्ध संपले तरी राग ओसरला नाही, त्याला केवळ दुसरे नाव मिळाले. रशियातील क्रांतीनंतर अमेरिकेत साम्यवादाची धास्ती पसरली आणि युद्धविरोधक हे बोल्शेविकांचे हस्तक ठरू लागले. जानेवारी १९१९ मध्ये सिनेटच्या एका समितीपुढे संशयितांची यादी सादर झाली. तिच्यातील ६२ नावांत ॲडम्स यांचे नाव होते. ज्या खात्याने युद्ध चालविले त्याचेच मंत्री न्यूटन बेकर यांनी यादीशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले आणि ॲडम्स यांच्या नावाने कोणत्याही यादीची प्रतिष्ठाच वाढेल अशा आशयाचा अभिप्राय दिला. तो फारसा उपयोगी पडला नाही. न्यू यॉर्क विधिमंडळाच्या लस्क समितीच्या अहवालातही त्यांचे नाव आले. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संस्थेने पूर्वी दिलेले सन्माननीय सदस्यत्व काढून घेतले.

या मालिकेतील सर्वांत चमत्कारिक प्रकार म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचा तक्ता. युद्धखात्याच्या रासायनिक शस्त्र विभागातील एका ग्रंथपाल महिलेने तो तयार केला. देशातील स्त्रियांच्या संघटना आणि त्यांच्या पुढारी रेषांनी एकमेकींना जोडून, हे सारे जाळे मॉस्कोचे आहे असे त्यात दाखविले होते. स्त्री संघटनांनी निषेध करताच खात्याला प्रती नष्ट करण्याचे आदेश द्यावे लागले. पण मार्च १९२४ मध्ये तो ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या पत्रात छापून आला. हे पत्र हेन्री फोर्ड यांचे होते, ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी शांतता जहाज काढले होते.

या काळात ॲडम्स यांना परदेशात जो मान मिळे, तो घरी मिळत नसे. १९२३ च्या जगप्रवासात त्या भारतातही आल्या. गांधीजी त्या वेळी पुण्याच्या येरवडा तुरुंगात शिक्षा भोगत होते, त्यामुळे भेट होऊ शकली नाही. टॉलस्टॉय आणि गांधी या विषयावर त्यांनी १९३१ मध्ये लेख लिहिला. यास्नाया पोल्यानातील त्या खजील भेटीपासून पस्तीस वर्षे उलटली होती.

उशिरा आलेला सन्मान

आर्थिक मंदीच्या दिवसांत वारे हळूहळू बदलले. बेकारीच्या काळात हल हाऊसचे काम पुन्हा लोकांच्या डोळ्यांत भरले आणि महायुद्धाने काय साधले हा प्रश्न सामान्य अमेरिकी माणूसही विचारू लागला होता. १० डिसेंबर १९३१ रोजी ऑस्लो येथे नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकी स्त्री होत. त्या दिवशी त्या बाल्टिमोरच्या इस्पितळात होत्या आणि समारंभास जाऊ शकल्या नाहीत. आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी लीगला देऊन टाकली.

पारितोषिक विभागून होते. दुसरे मानकरी होते कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर. ऑक्टोबर १९१७ मध्ये युद्धविरोधी भूमिकेवरून दोन प्राध्यापकांना बडतर्फ करणारे विद्यापीठ ते त्यांचेच. निवड समितीने हा योग मुद्दाम जुळविला असे समजण्यास आधार नाही, तरी तो नजरेआड करणे कठीण आहे. ॲडम्स यांच्या सहकारी एमिली बाल्च यांना वेल्स्ली महाविद्यालयाने १९१९ मध्ये पुन्हा नेमले नाही. त्यांना हेच पारितोषिक १९४६ मध्ये मिळाले.

नोबेलनंतरही जुना राग पूर्ण विझला नव्हता. १९३४ मध्ये एलिझाबेथ डिलिंग यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘द रेड नेटवर्क’ या नामावलीत देशाला घातक ठरविलेल्या व्यक्तींमध्ये ॲडम्स होत्याच. मे १९३५ मध्ये लीगच्या स्थापनेचा विसावा वर्धापनदिन वॉशिंग्टनमध्ये साजरा झाला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट त्यास उपस्थित होत्या. शिकागोला परतल्यावर काही दिवसांतच पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा कर्करोग पसरलेला आढळला. २१ मे रोजी त्यांचे निधन झाले. हल हाऊसमध्ये अंत्यदर्शनासाठी हजारोंची रीघ लागली. त्यांत कारखान्यांतील कामगार, फेरीवाले आणि जवळपासच्या वस्तीतील मुले मोठ्या संख्येने होती. दफन सीडरव्हिल येथे झाले. तेथील दगडावर त्यांच्या नावाखाली हल हाऊस आणि स्त्रियांची शांतता लीग या दोनच संस्थांचा उल्लेख आहे, पारितोषिकाचा नाही.

अमेरिकी टपाल खात्याने १९४० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. हल हाऊसच्या बहुतेक इमारती १९६३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या परिसरासाठी पाडण्यात आल्या आणि संस्थेचे कार्य चालविणारे मंडळ जानेवारी २०१२ मध्ये निधीअभावी बंद पडले. १८८९ मध्ये दोघी मैत्रिणी ज्या वाड्यात राहावयास गेल्या, तो मात्र हॉल्स्टेड रस्त्यावर उभा आहे. तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि शिकागोहून वायव्येकडे जाणाऱ्या पथकर महामार्गाला २००७ पासून जेन ॲडम्स यांचे नाव आहे.